एका रात्रीत बॅटरी बसते? आधी हिशेब तर करा

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: डॅशकॅम (काचेमागचा रेकॉर्डिंग कॅमेरा) पार्किंगमध्ये चालू ठेवायला हार्डवायर किट, म्हणजे गाडीच्या फ्यूजबॉक्समधून त्याला थेट करंट देणारी वायर, लावू नका, एका रात्रीत गाडीची बॅटरी बसते, वॉरंटी जाते, कट-ऑफ (बॅटरी ठरलेल्या व्होल्टच्या खाली गेली की कॅमेरा बंद करणारी किटची सोय) वगैरे सगळा दिखावा. कॅमेऱ्यात स्वतःची बॅटरी असतेच, नाहीतर डॅशबोर्डवर पॉवर बँक ठेवा, काम झालं. शेवटी ‘जनहितार्थ जारी’ आहेच.

आधी त्या एका रात्रीचं बघू. पुढचा एकच कॅमेरा असेल तर तो साधारण तीन-चार वॅट खातो, म्हणजे बारा व्होल्टवर ०.३ अँपिअरच्या आसपास. रात्री नऊ ते सकाळी सात, दहा तासांत ३ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) गेले. लहान पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. दहावा हिस्साही गेला नाही. धडधाकट बॅटरी एवढ्याने बसत नाही. बसलीच, तर ती आधीच तीन-चार पावसाळे खाऊन म्हातारी झालेली होती, कॅमेरा नुसतं निमित्त झाला.

खरी भानगड रात्रीची नाही, आठवड्याची आहे, आणि मेसेज नेमका तिथे गप्प आहे. मुंबईत कितीतरी गाड्या सोमवार ते शुक्रवार जागची हलत नाहीत. मालक लोकलने जातो, गाडी रविवारी निघते. त्याच कॅमेऱ्याचा दिवसाचा खर्च ७ अँपिअर-अवरच्या वर, पाच दिवसांत ३६. अख्खी बॅटरी संपली की! शिवाय अलार्म, सेंट्रल लॉक हे गाडीचं स्वतःचं थोडंथोडं खाणं वेगळंच. गणपतीला कोकणकन्येने गावी जाऊन दहा दिवसांनी परत येणाऱ्याने जाताना कॅमेऱ्याचा प्लगच काढून ठेवावा. भरपाईचंही तसंच. माटुंग्याहून दादरला भाजीला जाऊन आलात, त्यात एसी, वायपर, हेडलाइट चालू आणि गाडी सिग्नलला उभी, तर अल्टरनेटरकडे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरकडे) बॅटरीला द्यायला फारसं उरतच नाही. रात्रभराचे ते ३ अँपिअर-अवर भरून यायला निदान अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्याचं ड्रायव्हिंग हवं.

आता कट-ऑफ. हा दिखावा नाही, पण तो कुठे लावलाय यावर सगळं आहे. बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, ११.८ म्हणजे रिकामीच म्हणा. बऱ्याच किटांवर ११.६ किंवा ११.८ चाही पर्याय असतो आणि फिटिंगवाला तोच ठेवून देतो, कारण मग ‘कॅमेरा मध्येच बंद पडतो’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येत नाही! ११.६ला कॅमेरा बंद होईल खरा, पण सकाळी स्टार्टर नुसता टक-टक करेल. साधी लेड-ॲसिड बॅटरी वारंवार अर्ध्याच्या खाली गेली की तिचं आयुष्यही झपाट्याने घटतं. तेव्हा १२.२च्या खाली जाऊ नका, आणि टायमर असेल तर आठ-दहा तासांचा लावा. १२.४ ठेवल्यावर कॅमेरा तासाभरात बंद होत असेल तर आकडा खाली आणू नका, बॅटरी तपासून घ्या.

वॉरंटीचा मुद्दा अर्धा खरा. मूळ वायर सोलून जोड दिलात तर सर्व्हिस सेंटरला हात वर करायला निमित्त मिळतं. म्हणून तर फ्यूज टॅप असतो. तो फ्यूजच्या जागी बसतो, जुना फ्यूज त्याच्याच एका खाचेत जातो, काढला की गाडी होती तशी. एअरबॅग, एबीएसच्या फ्यूजला मात्र हात लावायचा नाही. किटला तीन वायरी: एक कायम करंटची, एक चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटची, एक अर्थिंगची, रंग न लागलेल्या धातूच्या बोल्टला. कायम करंट म्हणून आतल्या दिव्याचा फ्यूज धरतात, तिथे फसगत होते. काही गाड्या लॉक केल्यावर थोड्या वेळाने त्या दिव्याचा करंटच तोडतात. म्हणून गाडी लॉक करून अर्ध्या तासाने मल्टिमीटर लावून बघावं.

कॅमेऱ्यातली बॅटरी? ती फाइल नीट बंद करण्यापुरती असते. बऱ्याच मॉडेलांत बॅटरीही नसते, सुपरकॅपॅसिटर (थोडीशीच वीज साठवणारा भाग) असतो, तो काही सेकंद टिकतो. त्याच्या भरवशावर रात्र काढायची म्हणजे कमालच.

पॉवर बँक हा यातला खरा धोक्याचा सल्ला. गणिताला १०,००० एमएएचची बँक एक रात्र काढते, नाही असं नाही. पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डचं तापमान पन्नाशी सहज ओलांडतं, आणि लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. शिवाय बँकेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला चावी बंद झाल्याचं कळत नाही, तो पार्किंग मोडमध्ये (उभ्या गाडीत कमी रेकॉर्डिंग करायची पद्धत) न जाता नेहमीचंच रेकॉर्डिंग करत राहतो. धक्का बसल्यावरच जागा होणारा मोड हाताने लावलात, तर करंट इतका कमी होतो की बऱ्याचदा बँकच स्वतःला बंद करते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट स्टॅक पार्किंगवाल्यांसाठी, म्हणजे जिथे गाड्या एकावर एक लोखंडी पॅलेटवर उभ्या करतात तिथल्यांसाठी. दुसरी गाडी काढायला पॅलेट हलला की कॅमेऱ्याला तो धक्का वाटतो आणि तो फाइल लॉक करतो. लॉक झालेल्या फाइलवर नवीन रेकॉर्डिंग चढत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत अशा फाइलींनी कार्ड भरतं, आणि खरोखर कोणी बंपर घासून गेला तेव्हाचं काहीच सापडत नाही. पार्किंगची सेन्सिटिव्हिटी सगळ्यात कमी ठेवा, किंवा टाइमलॅप्स (थोड्या थोड्या वेळाने एकेक फोटो) लावा.