मराठी सिनेमाचं अनुदान तिकीटबारीला जोडा

राज्य सरकार मराठी सिनेमाला देतं त्या अनुदानाचा विषय निघाला की सगळे रकमेवरून भांडतात. 40 लाखांत काय होतं, 1 कोटी करा, वगैरे. करा की. पण पैसा कुठून येतो आणि कधी हातात पडतो, हे तसंच राहिलं तर 1 कोटीनेही फरक पडणार नाही.

आत्ताची रीत बघा. आधी सिनेमा पूर्ण करायचा, सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यायचं, मग कागदपत्रं जमा करायची. समिती सिनेमा बघते, गुण देते. 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' दर्जाला 30 लाख, त्याखाली काही नाही. निर्मात्याने तोवर पैसा व्याजाने उचललेला असतो. महिना 2 टक्के धरा. 40 लाख यायला 18 महिने लागले तर 14 लाख 40 हजार नुसत्या व्याजात गेले. आणि किती तिकिटं विकली गेली याचा दर्जाशी संबंध नसल्याने कमी खर्चात सिनेमा उरकून नावापुरता प्रदर्शित करणं हाही धंदा होऊ शकतो. जाहिरातीला पैसे ठेवायचे कशाला? गिऱ्हाईक प्रेक्षक नाहीच, समिती आहे.

फ्रान्सने हे कोडं 1948 सालीच बऱ्यापैकी सोडवलं. तिथे 1946 पासून 'सीएनसी' ही सरकारी सिनेमा-संस्था आहे. सिनेमाच्या प्रत्येक तिकिटातले 10.72 टक्के तिच्याकडे जातात, सिनेमा फ्रेंच असो की हॉलिवूडचा. म्हणजे अमेरिकन सिनेमा तुफान चालला की फ्रेंच सिनेमाचा निधी वाढतो! मान्यता मिळालेल्या फ्रेंच सिनेमाची जितकी तिकिटं जातील, त्या हिशेबाने निर्मात्याच्या नावे सीएनसीत रक्कम जमा होते. सुरुवातीच्या तिकिटांना दर जास्त, पुढे उतरत जातो, त्यामुळे मधल्या सिनेमांना जास्त आधार मिळतो. ही रक्कम रोख काढून बंगला बांधता येत नाही, ती पुढच्या सिनेमातच घालावी लागते. तंत्रज्ञांचे पगार किंवा लॅबचं बिल थकवलं असेल तर त्या थकबाकीचा या रकमेवर पहिला हक्क. (आपल्याकडे स्पॉटदादांपासून संकलकापर्यंत कोणाकोणाचे पैसे बुडतात हे सांगायला नको.) थिएटरमालकाचंही असंच खातं असतं, त्यातून खुर्च्या, पडदा, प्रोजेक्टर बदलता येतात.

हे परदेशी खूळ म्हणून उडवून लावू नका. 1970च्या दशकात महाराष्ट्राची करपरतावा योजना याच वळणाची होती: मराठी सिनेमावर जमा झालेला करमणूक कर निर्मात्याला पुढच्या मराठी सिनेमासाठी परत. प्रेक्षक आला तर परतावा, नाही आला तर नाही. ती योजना जाऊन सरसकट ठरावीक रकमेचं अनुदान आलं, हा माझ्या मते उलटा प्रवास झाला.

आज तो कर राज्याच्या हातात नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि करमणूक कर त्यात गेला. तरी वाट पूर्ण बंद नाही: घटनेत महापालिका, नगरपालिका, पंचायती यांच्यामार्फत करमणूक कर घेण्याची मुभा शिल्लक आहे. त्या वाटेने प्रत्येक सिनेमाच्या तिकिटावर छोटा कर घ्या: 200 रुपयांच्या तिकिटावर 3 टक्के म्हणजे 6 रुपये. पॉपकॉर्नच्या भावापुढे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. निर्मात्याला तिकिटामागे हे 6 रुपये मिळाले तर 5 लाख तिकिटं विकणाऱ्या मराठी सिनेमाचे 30 लाख होतात, म्हणजे थेट 'ब' दर्जाएवढे, तेही समितीच्या पायऱ्या न झिजवता. शिवाय हिंदी, इंग्रजी आणि दाक्षिणात्य सिनेमांच्या तिकिटांतून जमणारे पैसे वेगळेच.

पण खोटी तिकिटं फाडली तर? योजना बुडायची असेल तर इथेच बुडेल. निर्मात्यानेच घाऊक तिकिटं घेऊन आकडा फुगवायचा, मालकाने विक्री कमी दाखवून कर चुकवायचा. दक्षिण कोरियात 2007 पासून तिकिटावर 3 टक्के घेऊन सिनेमा निधी उभा केला, तोही पडताळता येण्याजोगा, कारण थिएटरांची तिकीटविक्री एका मध्यवर्ती संगणक-प्रणालीत नोंदवली जाते आणि रोजचे आकडे कोणीही बघू शकतं. आपल्याकडे 'अमुक कोटींचा गल्ला' हे निर्मात्याचं पोस्टर सांगतं. त्यामुळे आधी नोंद, मग कर. क्रम उलटा केला तर फक्त कर उरेल. पकडायच्या खुणाही सोप्या: सकाळी 9चा शो हाऊसफुल आणि कँटीनची विक्री शून्य.

मल्टिप्लेक्सने मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायचा, या नियमातही अशीच पळवाट आहे. 2015 साली ठरलेली वेळ दुपारी 12 ते रात्री 9. कामाच्या दिवशी 12चा शो दिला की नियम पाळला! कोरियात थिएटरने देशी सिनेमा दाखवायचाच असा कोटा वर्षाला 73 दिवसांचा, 2006 पूर्वी 146 होता. कोटा हवाच, पण मोजायचे तर देऊ केलेल्या खुर्च्या मोजा, शो नकोत.

राहिला पहिल्यांदा सिनेमा करणारा. त्याच्या खात्यात काहीच नसणार. फ्रान्सने त्यासाठी 1959 पासून उत्पन्नावर आगाऊ रक्कम द्यायची सोय केली: संहितेवर निर्णय, शूटिंगआधी पैसे, परतफेड कमाईतून. समिती ठेवायचीच असेल तर ती इथे ठेवा. निधीचा पाचवा हिस्सा बाजूला काढा आणि हप्ते बांधून द्या: करारावर 40 टक्के, शूटिंग संपल्यावर 40, आणि शेवटचे 20 सगळ्या युनिटचे पगार चुकते झाल्याचा बँकेचा पुरावा दाखवल्यावर.