बिडाचं फ्लायव्हील मी हलकं करून देणार नाही

रविवारी सकाळी भाचा उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपवर आला आणि पोत्यात गुंडाळलेलं बिडाचं एक फ्लायव्हील बेंचवर ठेवलं. जुन्या बाजारातून आणलेलं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या टोकाला फिरणारं जड चाक, क्लचची प्लेट त्याच्यावरच दाबली जाऊन इंजिनची ताकद पुढं नेते. म्हणाला, "मामा, याचं दोन-अडीच किलो काढून द्या की. लेथवर तासाभराचं काम." कशाला म्हणून विचारलं, तर त्यानं मोबाईल पुढं केला. रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेल्या गाडीला क्लच कसा निवडायचा, यावर सहा कलमांचा एक मेसेज. हाच मेसेज गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांनी मला दाखवला होता. तेव्हा मी 'असलं काही वाचू नका' एवढंच म्हणून कामाला लागलो. ती माझी चूक झाली. आता तो घरातल्या पोराच्या हातात आलाय, म्हणून बसून लिहितोय.

मेसेज म्हणतो: एक, रीमॅप केली की कंपनीचा क्लच बाद, थेट 'स्टेज 3' बसवा. दोन, गाडीची हॉर्सपॉवर बघून क्लच घ्या. तीन, सिरॅमिक बटणाची (सलग पट्ट्याऐवजी घासणारे सुटे तुकडे लावलेली) प्लेट आयुष्यभर जाते. चार, पेडल जेवढं कडक तेवढी पकड जास्त. पाच, फ्लायव्हील लेथवर हलकं करून घ्या, फुकटात पिकअप मिळतो. सहा, नव्या क्लचला रनिंग-इन (सुरुवातीला जपून चालवणं) लागत नाही, दोन-चार दणकून लाँच मारले (इंजिन चढवून क्लच एकदम सोडला) की प्लेट बसते.

पाचव्यापासून सुरू करतो, कारण त्यात माणूस मरू शकतो.

बीड, म्हणजे कास्ट आयर्न, दाबाला पक्कं असतं, ताणाला कच्चं. आमच्या कोल्हापुरात फाउंड्रीत काम केलेला कुणीही हे सांगेल. फिरणाऱ्या चाकात सगळा खेळ ताणाचा असतो, कारण कडा बाहेर पळायला बघते आणि मधलं बीड तिला धरून ठेवतं. हिशेब करा. कडा मध्यापासून 13 सेंटीमीटरवर धरली आणि इंजिन 5000 आरपीएमवर (मिनिटाला 5000 फेरे) असलं, तर ती कडा ताशी सुमारे 245 किलोमीटर वेगानं फिरते. तिथला 10 ग्रॅमचा तुकडा 36 किलोच्या जोरानं बाहेर ओढला जातो. हा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो. घाईत चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला आणि चाकांनी इंजिन 7000 पर्यंत ओढलं, की तोच ताण जवळपास दुप्पट होतो. कंपनीनं ती जाडी शोभेसाठी ठेवलेली नाही.

भाच्यानं आणलेल्या फ्लायव्हीलवर तर निळे डाग होते. आधीच्या मालकाचा क्लच घसरून घसरून ते तापलेलं होतं. डाग पुसून भिंगाखाली धरलं तर केसासारख्या तडा दिसल्या, मधून कडेकडे जाणाऱ्या. त्यातून आणखी अडीच किलो काढायचं म्हणे!

हे फुटलं तर कुठं जातं तेही सांगतो. त्याच्या डिझेल स्विफ्टमध्ये इंजिन आडवं आहे आणि गिअरबॉक्स डाव्या बाजूला. फ्लायव्हील तिथंच, गाडीच्या लांबीच्या दिशेनं उभं फिरतं. त्यामुळं तुकडे उडतात ते वर बॉनेटकडे, खाली रस्त्यावर किंवा मागं केबिनकडे. मध्ये फ्लायव्हीलभोवतीचं ॲल्युमिनियमचं घर आणि पातळ पत्रा. त्या पत्र्यामागं डाव्या सीटवर बसलेल्या माणसाचे पाय असतात. भाच्याच्या गाडीत त्या सीटवर बहुतेक वेळा माझी बहीण बसते.

शर्यतीवाले हलकं फ्लायव्हील वापरतात हे खरं आहे. त्यानं इंजिन चटकन चढतं हेही खरं. पण ते स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून घडवलेलं असतं, तपासलेलं असतं. अमेरिकेत ड्रॅग शर्यतींचे नियम करणारी एनएचआरए ही संस्था वेगवान गाड्यांना एसएफआय या शर्यतीच्या पार्टांची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 1.1 किंवा 1.2 मानकाचं फ्लायव्हील आणि क्लच सक्तीचं करते, आणि त्याभोवती एसएफआयचंच प्रमाणपत्र असलेलं कवचही लावायला लावते. दर आठवड्याला शर्यती भरवणाऱ्या लोकांनी हा नियम हौसेनं केलेला नाही. पार्ट फुटताना बघून केलाय. मेसेज लिहिणाऱ्यानं हा एक नियम वाचला असता, तरी पाचवं कलम लिहिलं नसतं.

घासकाम मी करतोच. क्लच बदलताना फ्लायव्हीलचा चेहरा कंपनीनं दिलेल्या मर्यादेत हलका साफ करणं हे रोजचं काम आहे. मागून पोखरून वजन उतरवणं हे वेगळं काम आहे आणि ते मी कुणालाच करून देत नाही. शिवाय डिझेलला त्याचा फायदा तरी काय? चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनच ठोके देतं, मधली पोकळी फ्लायव्हीलचं वजन भरून काढतं. ते कमी केलंत की आयडलला गाडी थरथरते, सिग्नलला बंद पडते, गिअरबॉक्स खडखडतो. क्लचची उष्णताही तेच वजन पितं. 8 किलोऐवजी 5 किलो उरलं, तर तेवढ्याच उष्णतेनं ते दीडपटीहून जास्त तापणार.

आता हॉर्सपॉवरचं कलम. क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला पीळ कळतो, म्हणजे टॉर्क. भाच्याची गाडी मूळची 75 हॉर्सपॉवर आणि 190 न्यूटन-मीटरची. रीमॅपवाला आता 240 म्हणतो. तो आकडा 2000 आरपीएमला येत असेल तर त्या क्षणी इंजिन फक्त 68 हॉर्सपॉवर देत असतं, आणि क्लचवर सगळ्यात जास्त पीळ नेमका तेव्हाच पडतो. उलट एखादी पेट्रोल गाडी 6500 आरपीएमला 100 हॉर्सपॉवर देते, तेव्हा तिच्या क्लचवर पीळ असतो जेमतेम 108 न्यूटन-मीटर. हॉर्सपॉवर बघून क्लच घेणारा माणूस पेट्रोलला भारी आणि डिझेलला हलका क्लच बसवून मोकळा होईल.

क्लच किती पीळ धरेल, त्याचा हिशेब चार गोष्टींचा: घर्षणाचा गुणांक, क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू. समजा साध्या ऑरगॅनिक (ब्रेक लायनरसारख्या मालाच्या) प्लेटचा गुणांक 0.27, दाब 5000 न्यूटन, त्रिज्या 9 सेंटीमीटर आणि बाजू 2. गुणाकार येतो 243 न्यूटन-मीटर. म्हणजे 240 ला अगदी काठावर. थोडी झीज झाली, थोडी प्लेट तापली, की घसरणार. इथं पहिल्या कलमातलं अर्धं सत्य मला मान्य करावं लागतं: रीमॅपनंतर कंपनीचा क्लच खरोखर कमी पडू शकतो, आणि भाच्याच्या गाडीत तो पडतोय. आंबा घाटात चौथ्या गिअरवर 2000 ला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की आरपीएमचा काटा वर पळतो, गाडी पळत नाही. ती खूण पक्की आहे.

पण उपाय 'स्टेज 3' नाही. त्याच हिशेबात दाब 6000 केला, बाकी सगळं तसंच ठेवलं, की 292 येतात. 240 वर वीस टक्क्यांहून जास्त राखीव, रस्त्यावरच्या गाडीला पुरेसे. आणि 'स्टेज' हा शब्द कुठल्याही मानकाचा नाही. एक्सेडी या जपानी कंपनीच्या क्लचमध्ये स्टेज 1 म्हणजे ऑरगॅनिक आणि स्टेज 2 म्हणजे थेट सिरॅमिक बटणं. दुसरी एक अमेरिकी कंपनी 'स्टेज 2'च्या पुढं 'डेली' लिहून तो रोजच्या वापरासाठी विकते. एकाचा दोन नंबर दुसऱ्याच्या दोन नंबरासारखा नसतो. विकणाऱ्याला नंबर विचारू नका, न्यूटन-मीटर विचारा आणि प्लेट कशाची आहे ते विचारा.

पेडलचं कलमही याच गुणाकारात निकालात निघतं. मोठ्या त्रिज्येची प्लेट घेतली किंवा दोन प्लेटा घातल्या, तर पेडल कडक न होता पकड वाढते. कडकपणा म्हणजे फक्त दाबाची किंमत. सिग्नलला पाय दाबून उभं राहिलं की तो सगळा जोर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर आणि पुढं क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. थोडा वाढलेला दाब चालतो. मांडी भरून येईल असा दाब रोजच्या गाडीत घालू नये.

सिरॅमिक बटणाच्या प्लेटा मी नेहमी बघतो, ट्रॅक्टरमध्ये. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला त्या शोभतात. तापलेल्या अवस्थेतही त्या पकड सोडत नाहीत आणि चालवणाऱ्याला धक्क्याची पर्वा नसते. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल पळणाऱ्या गाडीलाही ठीक. पण महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी इंच-इंच सरकवायची असते. बटण प्लेट तिथं सरकत नाही, एकदम धरते आणि सोडते. प्रत्येक धरण्याचा झटका ड्राइव्ह शाफ्ट, इंजिन माउंट आणि गिअरच्या दातांना बसतो. धक्का पिणाऱ्या मधल्या स्प्रिंगा नसलेली प्लेट असेल तर आणखीच. 'आयुष्यभर' जाते ती बटणं, पण तोवर ती फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट खाऊन टाकतात.

सहाव्या कलमावर फार लिहीत नाही. परफॉर्मन्स क्लच बनवणारेच पहिले काही शे किलोमीटर शहरात हळू चालवायला सांगतात, 500 मैल म्हणजे 800 किलोमीटर हा आकडा नेहमी ऐकू येतो. नवी प्लेट सुरुवातीला सगळीकडं टेकलेली नसते. जिथं टेकते तिथंच सगळी उष्णता जाते, प्लेट चकचकीत होते आणि मग कायमची घसरते. केवलार या कृत्रिम धाग्याची प्लेट तर एकदा अशी भाजली की सुधारतच नाही. आणि इंजिन 1000 ऐवजी 2000 ला धरून क्लच सोडला, तर एका सुटण्यातली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. नव्या प्लेटवर लाँच मारायला सांगणारा तुमची प्लेट जाळायला सांगतोय.

भाच्याला मी लिहून दिलंय: पूर्ण चेहऱ्याची ऑरगॅनिक प्लेट, मधे स्प्रिंगा असलेली, जास्त दाबाची प्रेशर प्लेट, विकणाऱ्याकडून 280 ते 300 न्यूटन-मीटरचा आकडा लेखी, आणि रिलीज बेअरिंग नवीन. फ्लायव्हील त्याच्याच गाडीचं, तपासून, चेहरा साफ करून. बाजारातलं ते तडा गेलेलं चाक मी ग्राइंडरनं मधून कापलं आणि दोन्ही तुकडे भंगारात घातले, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाणार नाही. क्लच पुढच्या आठवड्यात बसेल. 800 किलोमीटर झाले की त्यानं यायचं, मग आम्ही दोघं आंबा घाटात जाऊ आणि चौथ्या गिअरवर 2000 ला काटा बघू.