लाभार्थी व्हायचंय? आधी तब्येत कमवा

वय झालंय, गुडघे गेलेत, घरात कमावतं कुणी नाही, आणि तरीही सरकारदरबारी तुमचं नाव लागत नाही? मग चूक तुमचीच आहे. गरज काय, कुणालाही असते. लाभार्थी व्हायला मात्र तयारी लागते, आणि ती तरुणपणीच सुरू करावी लागते. माझ्या आत्याच्या श्रावणबाळ योजनेच्या, म्हणजे राज्य सरकारच्या म्हातारपणीच्या पेन्शनच्या, अर्जापायी मी आठ महिने नाशिकभर हिंडलो. त्या जोरावर चार शब्द सांगतो. सल्ला फुकट आहे, झेरॉक्सचे पैसे तेवढे तुमचे.

आधी आपण म्हातारे आहोत का, याची खात्री करून घ्या. आरशाचं ऐकू नका, तो खाजगी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे तुम्ही ६० ला म्हातारे होता. श्रावणबाळ योजनेत ६५ लागतात. उत्पन्न न विचारता मिळणाऱ्या आयुष्मान कार्डासाठी ७०. एसटी ६५ ला तुम्हाला अर्धं म्हातारं मानते, म्हणजे अर्धं तिकीट घेते, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना पुरतं म्हातारं मानून फुकट नेते. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत थांबवली, तेव्हापासून तिच्या लेखी या देशात म्हातारं कुणी उरलेलंच नाही. त्यामुळे नाशिकरोडच्या फलाटावर तुम्ही तरणेबांड असता आणि आठ-दहा किलोमीटरवर सीबीएसला, म्हणजे एसटीच्या मध्यवर्ती स्थानकात, पोचेपर्यंत केस पिकतात. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनातला केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे, ८० पूर्ण झाली की ५००. एका वाढदिवसात अडीचपट! तेव्हा ७९ वं वर्ष कसंही करून काढा. मध्येच गेलात तर नुकसान तुमचं.

वयाचा पुरावा म्हणून आठवणी सांगू नका. आत्या सांगायची, गोदेला १९६९ चा महापूर आला तेव्हा मी बारा वर्षांची होते, पाणी कुठवर चढलं ते दाखवते चला. कचेरीतल्या समोरच्या भाऊंनी शांतपणे विचारलं, "आजी, पुराचा दाखला आहे का?" नशीब, आधारवर १ जानेवारी १९५७ होतं. आमच्या वाड्यातली सगळी म्हातारी माणसं १ जानेवारीचीच आहेत. त्या दिवसांत सुईणींची काय धावपळ झाली असेल!

मग येते गरिबी. इथे बरेचजण गाफील राहतात. आपल्याकडे पैसे नाहीत म्हणजे आपण गरीब, असा त्यांचा समज असतो. श्रावणबाळ योजनेला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत. दिवसाला ५७ रुपये ५३ पैसे. गंगापूर रोडला मिसळ खाऊन वर ताकाचा ग्लास मागितलात की तुम्ही त्या दिवसापुरते श्रीमंत. आत्याचं नाव यादीत नव्हतं, म्हणून आम्ही उत्पन्नाकडे वळलो. ती दोन घरची भांडी घासते. घरटी ९०० प्रमाणे महिन्याला १,८००. वर्षाचे किती? २१,६००. ती ६०० रुपयांनी श्रीमंत निघाली! मी तिच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं घरात धनाढ्य बाई वावरत होती आणि आम्ही तिला दिवाळीला साडी घेत होतो.

तेव्हा वाचकहो, ५७ रुपये ५३ पैसे हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. जास्त कमावणं तर सोडाच, जरा बरं कमावणंही टाळा.

दाखले गोळा करायला फिरावं लागतं, त्यासाठी सरकारने सोय केलेली आहे. पंच्याहत्तरीच्या माणसाला एसटी तुळजापूरला फुकट नेते, पंढरपूरला नेते, मनात आणलं तर कोल्हापूरलाही. फुलेनगरहून कचेरीत जायला मात्र रिक्षा लागते, आणि रिक्षावाला आधार कार्ड बघत नाही. म्हणून मी म्हणतो, अर्ज तुळजापुरात स्वीकारायला हवेत. कचेरीत पोचल्यावर कळतं की साहेब कुंभाच्या बैठकीला गेलेत. कुंभ २०२७ चा आहे हे मला ठाऊक होतं, बैठक तोवर चालेल याची कल्पना नव्हती.

आता मुख्य गोष्ट. अंगठा. कागद सगळे असले आणि अंगठा नसला तर तुम्ही कुणीच नाही. रेशनला अंगठा, केवायसीला अंगठा, बँक मित्राकडे पैसे काढायला अंगठा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, धान्य २०२३ पासून मोफत, अंत्योदयच्या कार्डाला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, सगळं कसं चोख आहे. फक्त ते बोटाच्या टोकातून आत जाऊन बाहेर यावं लागतं. आणि आत्याची बोटं राखेने, मग विटकरीच्या भुग्याने, मग निळ्या पावडरने आणि आता हिरव्या वडीने चाळीस वर्षं घासली गेली आहेत. भांडी घासता घासता ती स्वतःच घासली गेली. मशीनला तिच्या अंगठ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. दुकानदार चांगला माणूस, त्याने सगळे उपचार केले. ओल्या फडक्याने पुसलं, खोबरेल लावलं, डोक्यावरच्या केसांवर घासायला सांगितलं, फुंकर मारली. रांगेतल्या एका बाईने लिंबू सुचवलं. मशीनवर लाल अक्षरं आली, मग माझ्या बायकोने सहज गंमत म्हणून बोट टेकवलं तर यंत्र एकदम सावध झालं, हिरवं झालं, हा माणूस कोण म्हणून चौकशी करू लागलं.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. म्हातारपणी मदत हवी असेल तर हयातभर हाताने काम करू नका. भांडी, धुणं, विटा, खुरपणी, कांद्याची काढणी, बिड्या वळणं यातलं काहीही कराल तर रेषा जातील. द्राक्षबागेत औषध मारणाऱ्यांचं तर विचारूच नका. ज्यांनी आयुष्य खुर्चीत काढलं त्यांचे अंगठे बघा, कसे ठसठशीत उमटतात. गरजू माणसाचा अंगठा असा हवा.

डोळ्यांच्या बाहुलीवरून ओळख पटवायची सोय असते, पण आत्याला मोतीबिंदू आहे. मोबाईलवर ओटीपी येतो, पण मोबाईल नातवाचा, आणि नातू क्लासला. काहीतरी एक धड ठेवायला हवं होतं तिने.

दिव्यांग व्हायचं असेल तर ४० टक्के तरी व्हा. ३९ ला काही अर्थ नाही. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यामुळे निवडीला वाव भरपूर आहे. आमच्या गल्लीत शिवणकाम करणारे एक दादा आहेत, लहानपणी पोलिओ झालेला. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. तपासणीच्या रांगेत फार वेळ उभे राहू नका, उभं राहता येतं असं दिसलं तर टक्के घसरतात. खाली बसू नका, नंबर जातो. भिंतीला टेकून केविलवाणं, पण ताठ असं काहीतरी जमवायचं. आणि जिने चढायचा सराव ठेवा. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या असं याच कायद्यात आहे, नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. रॅम्प झालेही आहेत. ते मोटारसायकली लावायला फार सोयीचे पडतात.

या दादांना तीनचाकी सायकल मिळाली, ती कथा सांगायलाच हवी. वाटपाचा कार्यक्रम सकाळी दहाचा, पाहुणे आले दोनला. सायकली मंडपाबाहेर ओळीने उभ्या, प्रत्येकीवर दात्यांचं नाव हँडलपासून मागच्या चाकापर्यंत. नाव पुकारलं. स्टेजला सात पायऱ्या. चार कार्यकर्त्यांनी दादांना दोन्ही बगलांत धरून वर नेलं, तिथे त्यांच्या हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली दिली, फोटो झाला, फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा झाला. मग खाली कोण आणणार हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. भाषणं संपेपर्यंत दादा वरच. मागे बसलेल्यांना वाटलं, तेच अध्यक्ष.

पोटाचं म्हणाल तर शिवभोजन थाळी आहे, २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली. दहा रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची मूद. यावर मी काही तिरकं बोलणार नाही. आत्या रिक्षाचे पैसे वाचवून तिथे दोनदा जेवली आणि वरण आपल्यापेक्षा बरं करतात म्हणाली. भूक फक्त दुपारचीच लागू द्या.

घरात छळ होत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. सुनेशी भांडण काढायचं तर त्या वेळात काढा. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांतांकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. त्यासाठी पोटच्या पोराचा संपूर्ण पत्ता आईने आपल्या हाताने लिहायचा असतो. बऱ्याच आयांना तो रकाना आला की अचानक लिहिता येईनासं होतं.

तर आत्याचं काय झालं? कुणीतरी सांगितलं, बोटांना विश्रांती दिली की रेषा परत येतात. आम्ही तिची दोन्ही कामं तीन महिने बंद ठेवली. रात्री साय लावली, भांड्याला हात लावू दिला नाही. रेषा खरंच थोड्या उगवल्या. आणि तीन महिन्यांची कमाई बुडाल्यामुळे वर्षाचं उत्पन्नही १६,२०० वर आलं. एका दगडात दोन पक्षी! पंधराशेच्या पेन्शनसाठी ५,४०० गेले, पण गरिबी एकदम नियमात बसली. पुढे तलाठी, तहसील, समितीची बैठक असं करत करत अर्ज मंजूर झाला. गेल्या महिन्यात १,५०० जमा झाल्याचा मेसेज नातवाच्या मोबाईलवर आला, त्याने तो संध्याकाळी क्लासहून आल्यावर दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आत्या चप्पल घालून दारात. एका घरचं काम परत धरलं होतं. मी ओरडलो, "आत्या, अंगठा!"

ती म्हणाली, "हयातीच्या दाखल्याला अजून अकरा महिने आहेत रे."