गोळी जड, दारू जादा, नेम पक्का... म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, चौथ्यांदा तो माझ्या सख्ख्या मेहुण्याने पाठवला म्हटल्यावर आता लिहायलाच बसलो. मेसेज थोडक्यात असा: बाहेरची काडतुसं महाग, आपल्या नेमबाज पोरांना परवडत नाहीत, म्हणून नेमबाजीच्या रेंजवरच्या मोकळ्या पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी, गोळा करायच्या आणि घरी परत भरायच्या, निम्म्या पैशात सराव. वर कृती पण दिलीय, गोळी जितकी जड तितकी बंदुकीची दारू जादा, म्हणजे नेम हलत नाही. खाली "पूर्वी आजोबा ठासणीच्या बंदुकीत मुठीने दारू भरायचे, एक बार फुकट जायचा नाही" आणि शेवटी जगात भारी कोल्हापुरी वगैरे.

महाग आहेत हे शंभर टक्के खरं. बाकीचं बघू.

पहिलं पुंगळ्यांचं. ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये जी गोळी चालते ती ५.६ मिलिमीटरची, म्हणजे आपली पॉइंट टू टू. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला ४५१.४ गुण करून ब्राँझ आणलं ते हिच्यावरच, आणि तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली ती पण हिच्यावरच. या काडतुसाला मागे मधोमध दारू पेटवणारी वेगळी टोपी नसतेच. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, त्या दुमडलेल्या पोकळ काठात भरलेला असतो आणि रायफलची पिन तो काठच चेचते. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर कधी गेलात तर खाली पडलेली एक पुंगळी उचलून बघा, काठाला नखाएवढी पण नाही अशी एक खोक पडलेली दिसेल. तो काठ एकदा चेचला की संपलं, तिथं परत मसाला घालून परत पिन मारायची सोय त्या पुंगळीत ठेवलेलीच नाही. म्हणजे ज्या पोरांच्या नावानं गळा काढलाय त्यांच्या काडतुसाला ही आयडिया लागूच होत नाही, आणि १० मीटरवाल्यांच्या एअर रायफलला तर दारूच नसते. मेसेज इथंच संपायला हवा होता खरं तर.

पण समजा विषय मोठ्या रायफलचा आहे, जिची टोपी मधोमध असते आणि काढून दुसरी बसवता येते. परदेशात लोक अशी काडतुसं स्वतः भरतात, त्यात चांगला नेम पण मिळतो, ३०० मीटरचे नेमबाज पण मोठ्या रायफलवरच खेळतात. ही बाजू मी नाकारत नाही. पण ते लोक जे करतात ते मेसेजच्या बरोब्बर उलटं आहे.

गोळी जड झाली की दारू कमी करावी लागते. उसाची भरलेली ट्रॉली डोळ्यासमोर आणा, रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरनं झटका दिला की निघते, भरलेली जागची हलायला वेळ लावते आणि तेवढ्यात सगळा ताण हुकावर येतो. इथं हुक म्हणजे रायफलचं चेंबर, काडतूस बसतं ती जागा, जी तुमच्या गालापासून वीतभर लांब असते. गोळी पुढं सरकायला वेळ लागला की दारू जळून झालेल्या गॅसला जागा मिळत नाही, दाब वाढतो, आणि आताची बिनधुराची दारू अशी आहे की दाब वाढला की ती अजून जोरात जळते, म्हणजे दाब अजून वाढतो. त्यात जड गोळी लांब असते, ती पुंगळीत आत जास्त घुसते, आतली जागा अजून कमी. म्हणून एकाच रायफलला १५० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं माप, ग्रॅमहून बरंच लहान) गोळीला जेवढी दारू चालते तेवढीच १८० ग्रेनला घातली तर ती मर्यादेबाहेर जाऊ शकते, आणि मेसेजवाला म्हणतो जादा घाला!

वजन सारखं असलं तरी भागत नाही. नुसत्या तांब्याची गोळी आणि आत शिसं असलेली गोळी, दोन्ही १५० ग्रेन, पण तांबं हलकं म्हणून ती गोळी लांब होते, नळीला घासते पण वेगळी. म्हणून दारूच्या कंपन्या गोळीनिहाय तक्ते छापतात, भरणारे त्यातल्या खालच्या आकड्यापासून सुरू करतात आणि गोळी बदलली की परत खालनं. कमी दारू पण धोक्याचीच, गोळी नळीतच अडकून बसते, आवाज फुस्स होतो, शूटरला वाटतं काडतूस खराब होतं आणि तो दुसरा बार मारतो... पुढचं सांगायला नको.

आणि जड गोळी घेतली म्हणून ती सरळ जाईल असंही नाही. नळीच्या आत पीळ असतो, गोळीला गरागरा फिरवायला. बारा इंचात एक फेरा देणारी नळी ५५ ग्रेनच्या छोट्या गोळीला झकास चालते, तिच्यात ७७ ग्रेनची लांबलचक गोळी घातली तर ती हवेत कोलांट्या खाते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पडते. कितीही दारू ओता.

आता सगळ्यात भारी चूक. मेसेजमध्ये "४० ग्रॅमची गोळी" असं लिहिलंय. भावा, ते ४० ग्रेन असतं! एका ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन, म्हणजे ४० ग्रेनची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. बारा बोअरच्या काडतुसातले सगळे छर्रे मिळून पण ३२ ग्रॅमच्या आसपास भरतात आणि हा ४० ग्रॅमची एक गोळी सांगतोय. ज्याला ग्रेन आणि ग्रॅममधला फरक कळत नाही त्याच्या मापानं दारू भरायची म्हणजे हळद-तिखट चमच्याऐवजी वाटीनं घालण्यासारखं आहे, फक्त इथं आमटी फेकून देता येत नाही.

आजोबांचं म्हणाल तर त्यांची दारू काळी होती. ती मापट्यानं मोजायची, थोडं कमीजास्त झालं तर धूर कमीजास्त. बिनधुराची दारू फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं १८८४ ला काढली, ती कितीतरी पट ताकदवान, तिला मूठ चालत नाही. आजऱ्याकडं, राधानगरीकडं गव्या-डुकरांमुळं पीक राखायच्या बंदुका अजून आहेत, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितोय.

जादा दारू म्हणजे जादा वेग म्हणजे जादा नेम, हे पण तपासू. मॅचची पॉइंट टू टू मुद्दाम हळू बनवतात, सेकंदाला ३२५-३३० मीटर, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. जोरातली गोळी आवाजाच्या वर सुटते आणि ५० मीटरपर्यंत पोचेतो परत खाली येते, ती रेषा ओलांडताना डगमगते. खरी गरज वेगाची नाही, सारखेपणाची आहे. गणित सोपं आहे, दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर टार्गेटवर सुमारे ८ मिलिमीटर वरखाली होतं, आणि दहा गुणांचं वर्तुळ सगळं मिळून १०.४ मिलिमीटरचं आहे.

मग रायफल आणि गोळीची जुळवाजुळव कुठं होते? लॉटमध्ये, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालात. दोन वर्षांपूर्वी भाच्याबरोबर एका ठिकाणी टेस्टिंगला गेलो होतो, रायफल शिकंज्यात घट्ट बांधलेली, एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे पाच लॉट, प्रत्येकी दहा गोळ्या. तिसऱ्या लॉटची दहाच्या दहा भोकं एकमेकांत मिसळून एक फाटकं भोक झालं होतं, पाचव्याची कागदभर नाही पण आठपर्यंत गेलेली. शेजारच्या पोरीच्या रायफलला तोच पाचवा लॉट सगळ्यात चांगला लागला! बॉक्सवर सगळं सारखं, फरक फक्त लॉट नंबरचा. भाच्यानं तिसऱ्याचे परवडतील तेवढे बॉक्स उचलले, उरलेल्या पैशात आम्ही येताना मिसळ खाल्ली.

कायद्याचं एका ओळीत, कारण मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही: परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे. घरी गॅसच्या बाजूला बसून करायचा उद्योग नव्हे.

पैसे वाचवायचेच असतील तर भाचा काय करतो ते सांगतो. रोज संध्याकाळी जेवणाआधी पाऊण तास भिंतीवर ठिपका लावून रिकाम्या रायफलवर ट्रिगर दाबतो, आधी चेंबर उघडून आईला दाखवतो, मग सुरू. पॉइंट टू टूची रिकामी पिन सारखी आपटायची नाही म्हणून त्याला वेगळी सोय करून घेतलीय. पोझिशन, श्वास, बोट, सगळं त्यात घोटलं जातं, खर्च शून्य. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मग त्यात आवाज कुठं येतोय?"