पोट धुऊन डोक्यावर केस उगवत नाहीत

उदगीरची माझी मावशी ऐन चैत्रात रोज पाच-सहा वेळा संडासला पळत होती आणि वर समाधानात होती. व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका मजकुरात लिहिलं होतं की जेवढा मळ बाहेर पडेल तेवढे केस परत येतील. मी फोनवर ओरडले तर म्हणाली, "पोट साफ होऊ लालंय की बाई, वाईट काय हाय त्यात?"

तो मजकूर तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं असं: टक्कल आणि पांढरे केस हे पोटाचेच आजार आहेत. प्रत्येकाच्या आतड्यात पाच ते दहा किलो जुना मळ चिकटलेला असतो. रोज रात्री सोनामुखीचा काढा, त्यात दोन चमचे एरंडेल, असं सलग ४० दिवस घ्यायचं. टक्कल पडलेल्या जागी बिब्ब्याचं तेल लावायचं, बाकी डोक्याला माका आणि कांद्याचा रस. पांढरे केस कायमचे काळे होणार. या काळात इंग्रजी गोळ्या बंद, नाहीतर काढ्याला गुण येत नाही. सगळं वनस्पतीचं, म्हणून अपाय शून्य. आणि शेवटी ठरलेलं: हा चरकसंहितेतला योग आहे, डॉक्टर लोक लपवून ठेवतात, दहा जणांना पाठवा.

मावशीनं तो इमानेइतबारे पाळला. थायरॉइडची गोळी बंद केली. बीपीची मात्र भीतीपोटी चालू ठेवली. काही आठवड्यांत पायांत गोळे यायला लागले, पाण्याची कळशी उचलेना, छातीत धडधड. लातूरला आणून रक्त तपासलं तर पोटॅशियम २.७. ते साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असायला हवं. ॲडमिट करून सलाइनमधून पोटॅशियम द्यावं लागलं. म्हणून हा मजकूर मी सुटा करून बघणार आहे. सगळे मुद्दे सारख्या लायकीचे नाहीत, त्यामुळे सगळ्यांना सारखी जागाही देणार नाही.

आधी काढा. सोनामुखीच्या पानांत सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात. मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचं रूपांतर करतात आणि मग ती द्रव्यं आतड्याला जोरानं आवळायला लावतात, पाणी शोषून घेऊ देत नाहीत. एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल हेच काम लहान आतड्यापासून सुरू करतं, दोन ते सहा तासांत. म्हणजे मावशी रोज रात्री दोन जुलाबाची औषधं एकावर एक घेत होती. पातळ शौचाबरोबर नुसता मळ जात नाही. पाणी जातं, सोडियम जातं, पोटॅशियम जातं. तिच्या बीपीच्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषध मिसळलेलं आहे, आणि तेही पोटॅशियम बाहेर काढतं. दोन्हीकडून गळती, त्यात बाहेर चाळिशी ओलांडलेलं ऊन. हृदयाचे ठोके नीट पडायला हेच पोटॅशियम लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूर भागातल्या माणसांना उन्हाळ्यात अंगातलं पाणी रोज बाहेर काढायला सांगणं, हा सल्ला देणाऱ्यानं आमचा मुलूख बघितला तरी आहे का?

सोनामुखी हे खरंखुरं औषध आहे, म्हणूनच त्याला मुदत आहे. अमेरिकेत सोनामुखीच्या (तिकडचं नाव 'सेना') गोळ्यांच्या पाकिटावर छापलेलं असतं की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एका आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नका. आपल्याकडे ती चूर्णाच्या पुडीत, "पोट साफ" असं लिहिलेल्या डबीत, किराणा दुकानात मिळते आणि लोक वर्षानुवर्षं घेतात. डबीवर घटकांची यादी असते ती वाचा. बहुतेकांना आपण सोनामुखी खातोय हेच माहीत नसतं.

आता तो पाच-दहा किलो मळ. हा मुद्दा ऐकला की माझं डोकंच फिरतं, कारण घाबरवायला यापेक्षा सोपं काही नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी झडून नव्या येतात. जी भिंत आठवड्याच्या आत स्वतःच बदलते तिला वर्षांचा मळ चिकटून कसा राहील? दुर्बिणीनं मोठं आतडं तपासायच्या आधी पोट रिकामं करायचं एक दिवसाचं औषध देतात, आणि मग आत गुलाबी, ओलसर भिंत दिसते. थर नाहीत, पापुद्रे नाहीत. उलट सोनामुखी महिनोन् महिने घेणाऱ्यांच्या आतड्याला आतून तपकिरी-काळपट रंग चढतो. त्याला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात, आणि औषध थांबवलं की तो हळूहळू जातो. आतड्यावर काही चढलंच असेल तर ते या उपायानं चढवलेलं असतं.

पोट आणि केस यांचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मनापासून पटत नसलं तरी एवढं मान्य करते: काही आजारांत दोन्ही तक्रारी एकदम येतात. पण त्या येतात कशानं? सगळ्यात ओळखीचं कारण थायरॉइड कमी पडणं. थायरॉइड मंदावला की आतड्याची हालचाल मंदावते, शौचाला घट्ट होतं, आणि केस विरळ, कोरडे होतात. म्हणजे मावशीच्या बद्धकोष्ठावर आणि केसांवर एकाच वेळी काम करणारी एक गोळी तिच्या घरात होती, आणि या मजकुरानं तिला नेमकी तीच बंद करायला लावली. गुण येत नाही म्हणे! गोळी बंद झाली की काही आठवड्यांत बद्धकोष्ठ वाढणार, मग काढा वाढवावासा वाटणार, केस आणखी जाणार, मग आणखी ४० दिवस. कुणाचंही औषध एका ओळीत बंद करायला सांगणाऱ्याला या चक्राची कल्पना नसेल, तर त्यानं लिहू नये. असेल, तर त्याला मी माफ करू शकत नाही.

दुसरं कारण रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के जणींचं रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त! केस गळतात म्हणणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन, लोह आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आधी बघायला हवं. जुलाबानं लोह वाढत नाही. जेवणावर लगेच चहा घेतला तर जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि आमच्या भागात भाकरी पोटात जाते न जाते तोच चहा होतो. ही सवय मोडायला सांगणारा मजकूर का फिरत नाही?

कधी कारण पूर्ण बाहेरचं असतं. विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये जानेवारी २०२५ मध्ये माणसांचे केस भराभर गेले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या लोकांच्या रक्ताचे, लघवीचे, केसांचे आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि सेलेनियम हे खनिज फार वाढल्याचा निष्कर्ष मांडला. तिथे काढा पिऊन काय होणार होतं?

मग गुण आलेली माणसं खोटं बोलतात का? नाही. आणि हे समजून घेतल्याशिवाय हा मजकूर थांबणार नाही. मावशीला दिवाळीच्या सुमाराला डेंगी झाला होता. मोठा ताप, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन यानंतर डोक्यावरचे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळायला लागतात. एरवीही डोक्यावरच्या सुमारे एक लाख केसांपैकी दिवसाला ५० ते १०० पडतातच, तेव्हा तर फणी भरते. माणूस घाबरतो आणि जे हाताला लागेल ते सुरू करतो. पण ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि नवे केस फुटतात. त्या काळात डोक्याला माका लावा, कांदा लावा नाहीतर काहीच लावू नका, केस येणारच असतात. श्रेय शेवटी जे चालू असेल त्याला मिळतं. मावशीचे केस यायची वेळ आणि तिचे ४० दिवस संपायची वेळ जवळजवळ एकच होती. काढा तिला सोसला असता तर तिनंच तो मजकूर आणखी दहा जणींना पाठवला असता, आणि अगदी खरेपणानं.

आता बिब्बा. "वनस्पतीचं आहे, अपाय शून्य" हे वाक्य आणि बिब्बा एकाच मजकुरात? मराठवाड्यातल्या पोराटोरांनाही माहीत आहे की बिब्बा उततो. टाचेत काटा मोडला तर बिब्ब्याचा चटका देणाऱ्या म्हाताऱ्याही त्याचं तेल नुसत्या बोटानं धरत नाहीत. धोबी कपड्यांवर न जाणारी खूण करायला तो वापरत, इतकं त्याचं तेल जहाल. कातडीवर फोड येतात, चेहरा सुजतो, डोळे मिटतात. डोक्यावरची जखम खोल गेली आणि तिथे व्रण राहिला तर केसांची मुळंच जातात, मग त्या जागी कधीच केस येत नाहीत. जिथे चाई पडली होती, म्हणजे गोल चकत्यांत केस गेले होते, आणि केस परत यायची चांगली शक्यता होती, तिथे कायमचं टक्कल करून घ्यायचा हा उपाय आहे.

यावर मला "तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात" असं ऐकवलं जातं. म्हणून आयुर्वेदाच्या औषधांना लागू असलेला कायदाच सांगते. औषध नियम, १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांत ई-१ नावाची अनुसूची आहे. तिच्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांतल्या विषारी द्रव्यांची यादी दिली आहे. त्या यादीत बिब्बा आहे. जमालगोटा आहे, गुंजा आहे, धोत्रा, रुई, कण्हेर आहे. पोटात घ्यायच्या औषधात यांतलं काही असेल तर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना बाटलीवर छापणं सक्तीचं आहे. ही यादी कुठल्या परदेशी कंपनीनं केलेली नाही. बिब्बा औषधात घालण्याआधी वैद्य त्याचं शोधन करतात, म्हणजे त्याचा जहालपणा कमी करतात, आणि ते करावं लागतं ते तो विषारी आहे म्हणूनच. विष कुठलं आणि ते कसं हाताळायचं हे आयुर्वेदाला पक्कं ठाऊक आहे. ते ठाऊक नाही या मजकुराला.

चरकसंहितेचं नाव तर घ्यायलाच नको होतं. तिच्यात विरेचन, म्हणजे जुलाब देऊन पोट साफ करणं, आहे, हे खरं. पण आधी स्नेहन-स्वेदन (तूप-तेल देणं आणि शेक देऊन घाम काढणं), मग रोग्याचं बळ आणि कोठा पाहून मात्रा, आणि विरेचन झाल्यावर पेजेपासून सुरू करून हळूहळू जेवणावर आणायचं, असा तो क्रम आहे. दुबळ्या माणसाला तर ते द्यायचंच नाही. उठून ४० रात्री जुलाब घेणं यात कुठेच बसत नाही. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात सांगितलंय की जहाल विषही युक्तीनं वापरलं तर उत्तम औषध होतं आणि औषध चुकीच्या तऱ्हेनं वापरलं तर तेच जहाल विष होतं. ज्यांना चरकांचं नाव लावून मजकूर पाठवायचा आहे त्यांनी एवढं तरी वाचावं.

उरलेलं झटपट. कांद्याच्या रसाचा एक अभ्यास खरंच आहे, बगदादमधला, २००२ चा, आणि त्यात गुण दिसला होता. पण तो चाईवर होता, मोजक्या लोकांवर, आणि चाई बरेचदा आपली आपणच भरते. घराण्यात चालत आलेल्या टकलाशी त्याचा संबंध नाही. माक्याच्या तेलानं डोकं थंड वाटतं, झोप लागते, लावा. खोबरेल तेलानं केसातली प्रथिनं कमी झिजतात हे २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं, ते एका तेल कंपनीचेच होते, पण काम नीट आहे. त्यानं असलेला केस तुटायचा वाचतो, नवा उगवत नाही. पांढरे केस काढ्यानं काळे होत नाहीत. अकाली पिकले असतील तर बी-१२ तपासा. आणि "शंभर टक्के हर्बल काळी मेंदी" घेऊ नका. नुसत्या मेंदीचा रंग तांबूस येतो, कुळकुळीत काळा येत असेल तर त्यात बहुधा रासायनिक डाय मिसळलेला असतो, आणि त्याची ॲलर्जी भयंकर असते.

घरातल्या जुन्या उपायांवर माझा राग नाही. पोट फुगलं की ओवा-हिंग, जेवणात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, घट्ट होत असेल तर इसबगोल आणि त्यावर पेलाभर पाणी, हे मी स्वतः करते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सुंठीच्या चहातून एरंडेल घेणाऱ्या धडधाकट माणसाशीही मी भांडणार नाही. पण पोटुशी बाई असेल तर तेही नको, त्यानं कळा सुरू होऊ शकतात.

ज्यांनी हा काढा काही आठवडे घेतलाय त्यांनी आजच थांबवा. पायांत गोळे, अशक्तपणा, धडधड यातलं काही असेल तर उद्यावर ढकलू नका, दवाखान्यात जाऊन पोटॅशियम तपासा आणि काढा घेतल्याचं लपवू नका. बीपी, थायरॉइड, साखर यांच्या बंद केलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ज्यांनी हृदयासाठी डिगॉक्सिन घेताना हा काढा घेतला त्यांनी तर त्रासाची वाटच बघू नये. काढा थांबवल्यावर तीन-चार दिवस शौचाला होणार नाही, त्याला घाबरून परत काढ्याकडे वळू नका. तेवढे दिवस इसबगोल आणि पाणी पुरतं.