काळा ओटा हाताने चमकतो का? फोंड्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंत, ‘हाताने घासून ग्रॅनाइटला पॉलिश येतं हे थोतांड आहे. चवथीआधी बेसिनजवळचा भाग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासला, काळा ओटा राखाडी झाला. मशीनशिवाय हे काम होत नाही.’ यातलं अर्धं मला मान्य आहे.

४०० वर थांबलात तर राखाडीच दिसणार. बारीक ओरखड्यांवर उजेड विखुरतो, काळ्या दगडावर तो पांढुरका दिसतो. नंबर जितका मोठा तितकी घासणी बारीक, आणि पुढचा प्रत्येक नंबर असतो तो मागच्याचे ओरखडे पुसायला. ८०० नंतर कुठे चकाकीची चाहूल लागते. ती भरते १५००, ३००० आणि शेवटच्या बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या पॅडवर. वॉटर पेपर अशा दगडावर पटकन बोथटही होतो. हिऱ्याची पूड असलेले रेझिन पॅड घ्या, हातात धरायच्या ठोकळ्यासकट मिळतात. पाणी सतत हवं. घासताना पेजेसारखा राखी गाळ सुटतो. तो नीट धुतल्याशिवाय पुढचा पॅड लावू नका, आधीच्या पॅडचा एक कण राहिला तरी नवा ओरखडा पडतो. कोरडं तर कधीच घासू नका, ती धूळ फुफ्फुसाला वाईट.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. अख्ख्या ओट्याला कारखान्यातला आरसा हाताने येत नाही. तिथला दाब आणि वेग मनगटात कुठून आणणार? त्यासाठी पाण्यावर चालणारं मशीन घेऊन येणारा कारागीरच बोलवा. हातकाम वीतभर डागासाठी, नाहीतर कडेसाठी.

आणि ओटा खरंच झिजला होता का, हे आधी पाहायला हवं होतं. बेसिनजवळ बहुतेकदा साबणाचा आणि तेलाचा थर असतो. कोपऱ्यात ब्लेड आडवं धरून हलकेच खरवडा. पांढरी साल निघाली आणि खाली दगड चमकला, तर पॉलिशची गरजच नव्हती. काही जण चमक यावी म्हणून ओट्यावर खोबरेल चोळतात. दोन दिवस झकास दिसतं, मग त्यावर धूळ बसते.

अ‍ॅसिटोनचा बोळाही फिरवून बघा. काळा होऊन आला तर दगडाला रंग लावून विकलाय. तो घासाल तेवढा फिका पडेल, तेव्हा हात आवरा. बोअरवेलच्या पाण्याचे तांबूस डाग काढायला मिळेल ते गंजनाशक ओतू नका. काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते दगडही खातं आणि हातही.

बोळा स्वच्छ आला तर सगळं नव्याने करायची गरज नाही. ४०० पर्यंत तुम्ही पोचलाच आहात. राखाडी भागाच्या कडेला तळहाताएवढी जागा घेऊन ८०० पासून पुढे जा आणि टॉर्च तिरका धरून बघा. ८०० नेही ओरखडे जात नसतील, तर ते ४०० चे नाहीत, त्याआधीचे आहेत. मग २०० वर उतरावं लागेल.