पाइप तुटला नव्हता, फुटला होता

गेल्या मंगळवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सचिवांचा निरोप आला : "गच्चीवरील टाकीचा पाइप तुटला आहे. प्लंबरला कळवले आहे." त्या एका चुकीच्या क्रियापदापायी सोळा बिऱ्हाडांना रात्र पाण्यावाचून काढावी लागली, आणि तरीही मी चिडलो की "काकांचे व्याकरण सुरू झाले" म्हणून सगळे हसतात.

प्लंबर आला तो एक सॉकेट आणि सोल्यूशनची डबी घेऊन. पाइप तुटला म्हणजे त्याचे दोन तुकडे झाले, ते सॉकेट घालून जोडले की काम संपले, असा त्याचा सरळ हिशेब होता. गच्चीवर जाऊन पाहतो तर पाइपला हातभर लांब उभी चीर गेलेली. "अहो काका, हा तुटलाय कुठे? हा तर फुटलाय! अख्खा तुकडा बदलायला लागेल," असे तो म्हणाला तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि लालबागमधली हार्डवेअरची दुकाने बंद झाली होती. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून तो गेला. सकाळी माझ्यासारखी सांधेदुखीची माणसेसुद्धा तळटाकीतून बादल्या भरून जिने चढत होती. सचिवांना मी हे सांगितले, तर त्यांचे उत्तर असे : "काका, कळलं ना? मग झालं." अहो, कळले नाही, म्हणून तर हे झाले!

तुटणे हे लांबट, ताणलेल्या किंवा जोडलेल्या वस्तूचे काम आहे. दोरी तुटते, तार तुटते, पतंगाचा मांजा तुटतो, मोत्यांचा सर तुटतो, आणि म्हणूनच संबंध तुटतात व युतीही तुटते. काच, मडके, अंडे, फुगा, बादली यांच्यासाठी फुटणे आहे. खुर्ची, काठी, पेन्सिलीचे टोक आणि माणसाचे हाड ही ताठ मंडळी मोडतात. माणसांनी घालून दिलेली घडीही मोडते, म्हणून नियम मोडतो, रांग मोडते, ठरलेले लग्न मोडते. कापड फाटते, पण फक्त शिवण सुटली असेल तर ते उसवते, आणि जुनी साडी जागोजागी झिरझिरीत झाली की ती विरते. शर्ट उसवला असेल तर शिंपी दोन टाके घालून देतो, फाटला असेल तर रफू करावे लागते. म्हणजे नेमके काय बिघडले आणि ते कसे सुधारायचे, हे क्रियापदातच सांगितलेले असते. एवढी सोय फुकट मिळालेली असताना आम्ही मात्र सगळ्याला "तुटले" म्हणून मोकळे होतो : काच तुटली, हाड तुटले, खुर्ची तुटली, कप तुटला. (चप्पल मात्र तुटतेच. तेवढ्यापुरते मी कोणाला काही म्हणत नाही.)

हे हिंदीतून आले, हे उघड आहे. हिंदीत काच टूटते, हड्डीही टूटते, आणि ते त्या भाषेत बरोबरच आहे. माझे भांडण हिंदीशी नाही आणि टॅक्सीवाल्याशी तर मुळीच नाही. माझा राग त्या मराठी बातम्या लिहिणाऱ्यांवर आहे, जे पगार घेऊन "विक्रम तोडला", "सिग्नल तोडला", "अखेर मौन तोडले" असे लिहितात. विक्रम मोडतात, सिग्नलही मोडतात, आणि मौन सोडतात. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या सूनबाईंनी माझ्या बायकोला दारात विचारले, "काकू, उपवास तोडलात का?" उपवास सोडणे म्हणजे तो पुरा करून जेवणे, उपवास मोडणे म्हणजे मधेच वडापाव खाऊन बसणे. एकात पुण्य आणि दुसऱ्यात व्रतभंग आहे, तर त्या बिचारीला यांतले नेमके काय विचारायचे होते? बायको हसून "हो" म्हणाली. मी आतल्या खोलीत पेपर आपटला.

जुन्या बायकांना तर मोडतोडीचे शब्द शुभ वस्तूंना लावणेही रुचत नसे. माझी आई बांगडी पिचली तरी "वाढली" म्हणायची, मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी तेही वाढायचे, आणि देवापुढे नारळ आजही वाढवतात. आता दादरच्या बाजारात चुडा विकत घेणारी मराठी मुलगी दुकानदाराला "ही तुटणार नाही ना?" असे विचारते.

मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली याच मुंबईत निघाला, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ साली आली, आणि त्यात तुटणे, फुटणे, मोडणे यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी आली, तेव्हा ज्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रे फिरली, त्याच ग्रुपवर आज "पाइप तुटला" असे लिहिले जाते. दहीहंडीच्या दिवशी मात्र आमच्या गल्लीतले झाडून सगळे गोविंदा हंडी फोडतात. ती तोडल्याचे मी अजून एकाच्याही तोंडून ऐकलेले नाही. म्हणजे शब्द येतो. वापरायचा कंटाळा आहे.

बुधवारी दुपारी नवा पाइप बसला आणि लिफ्टशेजारी नोटीस लागली : "तुटलेला पाइप जोडण्यात आला आहे." एका ओळीत दोन चुका! पाइप तुटला नव्हता आणि तो जोडलेलाही नाही. फुटला होता आणि बदलला आहे. मी लाल पेनने दोन्ही शब्द खोडून वर बरोबर शब्द लिहिले आहेत. सचिवांनी नवी नोटीस लावली तर तीही तपासली जाईल.